काठोकाठ पेला

गावात अजून कुणी "मंत्री येतोय रे, मुफ्लिहनं सांगितलंय!" असं म्हणून खिदळलं, की मीही हसतो. हसावंच लागतं. चार वर्षं झाली, आणि दर वेळी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मुफ्लिह माझा चुलतभाऊ. करकजवळच्या आमच्या गावातून पहाटेची बस धरून तो राजधानीला, अम्मानला जायचा आणि एका मंत्रालयात कॉफी द्यायचा. एकतीस वर्षांत त्यानं बावीस मंत्री पाहिले. आमच्याकडे मंत्रिमंडळ वर्षाला एकदा तरी हलवल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. एखादा मंत्री सात महिने टिकला तरी लोक म्हणतात, "वा, मुरला की हा!" पण खुर्ची गेली तरी "मंत्रीसाहेब" ही हाक जन्मभर राहते, आणि ती सगळ्या कुळाला पुरते.

एकदा परदेशात शिकून आलेल्या मंत्र्यानं त्याला झापलं, "अरे, कंजूष! पेला भरून दे की." मुफ्लिह जागचा हलला नाही. "साहेब, तळाशी तिसरा हिस्सा म्हणजे बसा, अजून घ्या. काठोकाठ भरला म्हणजे प्या आणि चालते व्हा. मी पाहुण्याचा अपमान करत नाही." मंत्री गोरामोरा झाला. हा किस्सा मुफ्लिह फार रंगवून सांगायचा.

गावात मात्र त्याला कोण विचारतंय? कुळाच्या बैठकीत तो दाराशी, चपलांजवळ बसायचा. "काय मुफ्लिह, आज कुणाची खुर्ची पुसलीस?" असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

त्या वर्षी फेरबदलाची कुजबुज सुरू झाली. मंगळवारी मुफ्लिह माझ्या दुकानात आला. माझा धंदा तंबू आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा, लग्न असो की मयत.

"खलफ, दार लाव."

"का रे, कुणी गेलं का?"

"गप! पंतप्रधानांच्या कचेरीत माझा दोस्त सबरी कॉफी देतो ना, तो सांगत होता. काल आपले डॉक्टर अव्वाद आत होते. तीन पेले झाले. तीन!"

"मग?"

"मग काय, बैला! नको असलेल्या माणसाला दुसरा पेला तरी कोण देतं? आणि संध्याकाळी खुद्द डॉक्टरांचा फोन. मला मानानं अबू नायफ म्हणाले, वर सांगितलं, सबरीनं मला पाहिलंय, कुणाजवळ बोलू नकोस. म्हणजे झालंच की! गुरुवारी यादी लागणार."

डॉक्टर अव्वाद आमच्या कुळातला एकच शिकलेला माणूस. विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवायचे, शुक्रवारी गावी आले की म्हाताऱ्यांच्या कपाळाचे मुके घ्यायचे. करकच्या वाट्याला प्रत्येक मंत्रिमंडळात एक जागा ठरलेली, पण ती आमच्या कुळाकडे कधी फिरकली नव्हती. मुफ्लिहचे डोळे भरून आले. "आयुष्यभर लोकांच्या मंत्र्यांना पाजली रे. एकदा आपल्या माणसाला पाजीन." मग त्यानं मला शपथ घातली, आणि मी घेतली.

शपथ दुपारच्या जेवणापर्यंत टिकली. मेहुणा मला चिडवत होता, की तुझ्या तंबूंना मयताशिवाय गिऱ्हाईक नाही. मी बोलून गेलो, "गुरुवारी बघ कशाला लागतोय ते!" त्याच्या पोटात काय राहतंय? बुधवारी अख्खं गाव माझ्या दुकानासमोर होतं. कुणी विचारलं, कुठून कळलं, की मी छाती फुगवून सांगायचो, "मुफ्लिह मंत्रालयात असतो ना." तीनशे माणसांचा तंबू मी उभारला. डॉक्टरांच्या फोटोचा फलक मीच बनवून घेतला. 'कुळाची मान उंचावणाऱ्या मंत्रीसाहेबांचं अभिनंदन!'

गुरुवारी सकाळी डॉक्टर आले आणि बापाच्या दारात तंबू बघून पांढरेफटक पडले.

"अहो, हे काय मांडलंय? मला फक्त फोन जवळ ठेवा म्हणालेत. उतरवा तो फलक!"

"बघा, किती साधा माणूस!" म्हातारे कौतुकानं म्हणाले. आमच्याकडे मंत्री होणारा नाहीच म्हणतो, त्यामुळे त्यांचा नकार कुणी खरा धरलाच नाही. बारा बकरी तोवर कापून झाली होती.

मुफ्लिहनं रजा घेतली होती. इस्त्रीचा झगा, हातात पितळी दल्ला, त्यात वेलदोड्याची कडू कॉफी. म्हाताऱ्यांनी त्याला हाताला धरून पुढं, डॉक्टरांच्या शेजारी बसवलं. मी त्याच्या मागच्याच रांगेत होतो. शेजारच्या कुळाची मंडळीही आली. मनसफच्या पराती आल्या, भाताचा ढीग, वर मांस, त्यावर दह्याचा रस्सा. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला आणि तीनशे माणसांचे हात परातीवर थांबले.

डॉक्टरांची मुलगी होती. "बाबा, झालात का?"

अडीच वाजता रेडिओवर यादी आली. सात नावं. करकचं एकच, आणि ते आमचं नव्हतं. ते शेजारच्या कुळातलं होतं, आणि त्यांचे म्हातारे आमच्याच तंबूत, आमच्याच बकऱ्याचा घास तोंडात धरून बसले होते. बिचाऱ्यांना गिळताही येईना. बाहेर कुणा शहाण्यानं यादी न ऐकताच आनंदानं बंदुकीचे दोन बार काढले. त्याचा गळा दाबावासा वाटला मला.

डॉक्टर उठले. शेजारच्या म्हाताऱ्याला मिठी मारली. "मुबारक असो. लायक माणूस आहे. सोमवारी मला त्याच्याबद्दलच विचारत होते, मी चांगलंच सांगितलं." म्हणजे ते तीन पेले त्यासाठी होते. फोन जवळ ठेवा हेही म्हणाले होते म्हणून डॉक्टरांनी थोडी आशा धरली असेल, तर तीही सगळ्यांसमोर उघडी पडली.

मग त्यांनी विचारलं, "ही बातमी गावात आणली कुणी?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण समोर तीनशे माणसं, वर माझा तंबू, माझा फलक, आणि माझी दातखीळ बसली.

"मी, डॉक्टर," मुफ्लिह म्हणाला. त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

डॉक्टरांनी त्याच्या हातातला दल्ला घेतला. स्वतः सगळ्या पाहुण्यांना कॉफी दिली, प्रत्येकाला तळाशी तिसरा हिस्सा. मलाही. शेवटी मुफ्लिहचा पेला. तो मात्र डॉक्टर भरत राहिले, काठापर्यंत, कॉफी त्याच्या बोटांवरून सांडेपर्यंत.

मुफ्लिह ती कढत कॉफी एका दमात प्यायला. त्यानं पेला खाली ठेवला, "तुमचं घर नांदतं राहो" म्हणाला आणि माझ्या खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेला. मी माझा तिसरा हिस्सा प्यायलो. हो, प्यायलो!

त्यानंतर तो कुळाच्या बैठकीत आला नाही, लग्नाला नाही, मयताला नाही. मंत्रालयातून निवृत्त झाला तेव्हा कुणी निरोपही दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा फेरबदल झाला आणि या वेळी डॉक्टर खरोखर मंत्री झाले. तंबू माझाच. दारापर्यंत रांग लागली होती. मी दोनदा डॉक्टरांजवळ गेलो, आज सांगतोच म्हणून, आणि दोन्ही वेळा "मुबारक, मंत्रीसाहेब" म्हणून परत आलो.

ताट भरून मनसफ घेतलं आणि मुफ्लिहकडे गेलो. त्यानं दल्ला तापवला. मला पेला दिला, नेमका तिसरा हिस्सा. त्या दिवशी माझ्यापायी त्याचं काय झालं, हे त्यानं कधीच तोंडातून काढलं नाही. तेव्हाही नाही.

बराच वेळ तो हातातल्या फडक्यानं दल्ला पुसत होता. मग हळूच म्हणाला, "खलफ, डॉक्टरांनी माझी चौकशी केली का रे?"

"केली की," मी म्हणालो. "दोनदा केली."

तो इतका खूश झाला, की त्यानं मला दुसरा पेला दिला.