दुपारी दोन ते पाच बंद पडणारा रेकॉर्डर

“तुम्ही लावलेलं मशीन रोज ऑफलाइन जातं. याला काम म्हणतात का?”

पुण्याहून प्रशांत साहेब. महिन्यातला नववा फोन. भूमला माझं सीसीटीव्हीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक ओरडलं की आधी ऐकून घ्यायचं, एवढं या धंद्यात शिकलोय.

“कधी जातं ऑफलाइन, साहेब?”

“दुपारी. रोज. आई एकटी असते हो तिथं! काही झालं तर जबाबदार कोण? वाशीत सगळ्यांना सांगणार आहे मी, याच्याकडून काही घेऊ नका म्हणून.”

हे मात्र लागलं. आमच्याकडं काम तोंडोतोंडी मिळतं आणि तोंडोतोंडीच जातं. वाशी म्हणजे भूमच्या शेजारचं साहेबांचं गाव; तिथं नाव गेलं तर निम्मा धंदा बसला.

आणि मशीन लावलं मी, पण निवडलं कुणी? रेकॉर्डर म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारा आणि मोबाइलवर पाठवणारा डबा. घराला कॅमेरे चार. मी म्हटलं होतं, चार चॅनेलचा साधा रेकॉर्डर घ्या. चॅनेल म्हणजे एका कॅमेऱ्याची जागा. लांबून बघायचं असंल तर मशीनच्या रुबाबापेक्षा घरच्या नेटचा अपलोड बघा, म्हणजे चित्र घराबाहेर जायचा वेग. राउटर आणि रेकॉर्डर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. बास.

साहेबांनी इन्व्हर्टरचं तेवढं ऐकलं. बाकी त्यांनी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले होते, त्यामुळं माझी अकरा वर्षं पाण्यात. “सोळा चॅनेल, एआय, टू-वे ऑडिओ. फ्यूचरप्रूफ पाहिजे.” घरात माणूस एक, चॅनेल सोळा. टू-वे ऑडिओ म्हणजे पुण्यातनं बोललं की वाशीत कॅमेऱ्यातनं आवाज निघतो. म्हटलं, घ्या बाबा, हौसेला मोल नाही. एआयनं पहिल्याच दिवशी शेजारच्या शेळीला बघून ‘व्यक्ती आढळली’ असं कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीला गेलो. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या आईनं, दार उघडलं. मशीन झकास चालू होतं. वायरी तपासल्या, नेट तपासलं. मग लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं ती डायरी. त्यात रोज एकच नोंद: दोनला बंद, पाचला चालू. रविवारीसुद्धा. एवढी वक्तशीर लाइट आमच्या जिल्ह्यात कधी गेलेली नाही, आणि गेली तरी इन्व्हर्टर होता. म्हणजे कुणीतरी पिन काढत होतं. घरात तर माणूस एकच.

“काकू, पिन तुम्ही काढता?”

“व्हय. म्याच काढते.” काकूंनी चहाची बशी पुढं सरकवली. “तू चहा घे आधी, विलास.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपारी गल्लीतल्या चार बायका ओसरीवर वाती वळायला येतात. एकीनं लाख वातींचा नेम धरलाय, बाकीच्या हातभार लावतात. हात कापसात आणि तोंड गावभर.

“त्या दिशी शेजारची सुमन तिच्या सुनंचं सांगत होती. मधीच डोक्यावरनं आवाज, ‘मावशी, सुनेचीपण बाजू असते हो.’ आमचा प्रशांत! सुमन कापूस टाकून पळाली बघ. आठ दिस कुणी फिरकलं न्हाय. म्या दिसभर त्या कॅमेऱ्याच्या तोंडाकडं बघत बसू का?”

“साहेबांना सांगायचं की.”

“सांगितलं. म्हनला, तुझ्या सेफ्टीसाठी हाय. दिवसातनं धा येळा बघतो. बोलतो काय, तर गेट लाव, गोड खाऊ नको. दोन वरसं झाली, पोरानं उंबरा वलांडला न्हाय.”

मला साहेबांचा असा राग आला म्हणता! आणि स्वतःचाही आला. ओसरीवरचा कॅमेरा मीच ठोकला होता, काकूंना एका शब्दानं न विचारता. आता खरं सांगावं तर काकूंची दुपार जाणार, गप्प बसावं तर माझं नाव जाणार. बाहेर येऊन फोन लावला.

“साहेब, फॉल्ट सापडला. पण दुरुस्त करणं माझ्या हातात नाही.”

“मग कंपनीचा माणूस बोलवा.”

“त्याच्याही हातात नाही. मशीन तुम्ही निवडलंय, तुम्हालाच यावं लागंल. दुपारी दोनच्या आधी या.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

शनिवारी साहेब आले. लॅपटॉप, दोन केबली, शिवाय माझ्यावर डाफरायची पूर्ण तयारी. आई बरी आहे का, हे विचारायच्या आधी राउटर कुठंय ते विचारलं. दोन वाजले. काकू उठल्या, पोराच्या डोळ्यांदेखत पिन उपसली आणि म्हणाल्या, “हा फॉल्ट. आता बस हितं आन काय बगायचं ते बग.”

साहेब एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा पिनकडं. बायका आल्या. सुमनमावशी दारातच थबकल्या. काकूंनी हाताला धरून आत आणलं. साहेब मान खाली घालून बसले आणि काहीतरी करायचं म्हणून कापूस हातात घेतला. त्यांची पहिली वात बघून सुमनमावशी म्हणाल्या, “ह्याच्यापरीस तुजं मशीन बरी वळंल, बाबा.” काकू पोट धरून हसल्या. लाजंनं का होईना, साहेबही हसले.

रविवारी संध्याकाळी ते परत गेले. त्यांच्याच सांगण्यावरनं ओसरीवरचा कॅमेरा मी काढून गेटवर लावला, आवाज बंद केला. माझं नाव शाबूत राहिलं. बारा चॅनेल अजून मोकळे आहेत.

तेव्हापासून लांबून बघायला कुठला रेकॉर्डर घ्यावा असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, घरातल्या माणसाला विचारलंय का? निम्मी गिऱ्हाइकं चिडतात. चिडू देत.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला.

“विलास, मशीन लई चांगलं चाललंय रं. एकदाबी बंद पडलं न्हाय.”

“मग झालं की, काकू.”

“काय झालं? महिना झाला, त्यो परत आला न्हाय.” मग त्यांनी हळूच विचारलं, “दिवाळीच्या आदी एकदा बिगडंल का रं ते?”

“काकू,” मी म्हटलं, “पिन कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे.”