ओल्या हाताचे आजोबा

रेडमंडच्या बस स्टॉपवर रोज सकाळी एक अमेरिकन आजोबा भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. छपराखाली उभं राहून ते एक हात बाहेर पावसात धरायचे, डोळे अर्धवट मिटून. तळवा पुरता भिजला की मगच माझ्याशी शेकहँड करायचे. सुरुवातीला मला किळसच यायची.

एकदा न राहवून विचारलं, तर हसले. तरुणपणी ते संशोधनाच्या बोटीवर होते, अलास्काच्या समुद्रात. सॅमन मासे समुद्रात कुठे कुठे फिरतात, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. म्हणून मासा जिवंत पकडायचा, पाठीला बारीक बिल्ला लावायचा आणि सोडून द्यायचा. पुढे कुणाला सापडला की त्याची वाट कळायची.

"पण हात आधी ओले करायचे," ते म्हणाले. "कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. सोडल्यावर मासा मजेत पोहत जातो. आपल्याला वाटतं, काही झालं नाही. मरतो तो नंतर."

बस आली. धुक्यातली झाडं खिडकीबाहेरून संथ पोहत गेली. त्याच सकाळी "मराठीत बोल!" म्हणून मी लेकीवर ओरडलो होतो, दंड धरून तिला गदागदा हलवलं होतं. "ओके, बाबा," म्हणून ती हसत शाळेत गेली होती.

संध्याकाळी तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी आधी बेसिनपाशी गेलो आणि हात ओले केले.