दोन स्वयंपाकघरांमधली खिडकी

"मावशी, ही खिडकी उद्या बंद करतोय हं. मिस्त्री सकाळीच येईल. इथे फ्रिज लागेल."

शेजारच्या पियूषने खिडकीतूनच सांगितलं. मृदुलाताईंच्या हातातला झारा कढईतच थांबला. दोन घरांच्या स्वयंपाकघरांमधल्या भिंतीतली ही हातभर खिडकी. पियूषची आजी स्नेहलता काकू लेकीकडे राहायला जाईपर्यंत इथूनच रोजची आमटी, दुखणी, सुनांची गाऱ्हाणी इकडून तिकडे जात. काकू गेल्यापासून ताईंशी दिवसभर बोलायला कोणी नव्हतं.

"अरे, माझ्या पणजोबांनी भिंत फोडून केलीय ती."

"मावशी, खिडकी तो खिडकी होती है!"

त्याच्यामागे त्याची नवी नवरी आभा कणीक मळत उभी होती. झाशीजवळच्या चिरगाँवची मुलगी, मराठी थोडंफार कळायचं. तिलाही समजावं म्हणून ताईंनी अर्धं हिंदीत सांगायला घेतलं.

पणजोबा विश्वंभर झाशीला आले ते रेल्वेच्या नोकरीत, नकाशे काढायला. दिवसभर साहेबांचे बंगले काढायचे. ऐसपैस व्हरांडे, घोड्यांना तबेले. आपली कारकून मंडळी मात्र एकेका खोलीत कोंबलेली. एका व्यापाऱ्याची लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळ जागा होती. त्याला गळ घालून विश्वंभरांनी ही तीन मजली इमारत काढली. एकावर एक बिऱ्हाडं बघून गावात चेष्टा व्हायची, "ऊपर वाले का पानी नीचे वाले की दाल में गिरेगा!"

पाणी कुठेच गळलं नाही. चूक दुसरीच झाली. सगळी घरं कडक सोवळ्यातली, म्हणून विश्वंभरांनी प्रत्येक स्वयंपाकघर चारी बाजूंनी बंद ठेवलं. एकीची चूल दुसरीला दिसायला नको. पुरुषांनी वाहवा केली. पणजी अनुसूया मात्र हळूहळू बोलेनाशी झाली.

"काय झालं?" एकदा ती पान वाढत असताना विश्वंभरांनी विचारलं.

"काही नाही. सवय गेली बोलायची."

"मी आहे ना घरात!"

"तुम्ही ऑफिसात. भाजीवालीचं मला कळत नाही, माझं तिला. पलीकडे वसुंधरा पाटा घासते, तेवढं ऐकू येतं. घर छान बांधलंत, पण आम्हाला मुकं केलंत."

ते जेवण त्यांना गोड लागलं नाही. सुट्टीच्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी घरोघरच्या स्वयंपाकघरांमधल्या भिंती फोडून अशा खिडक्या करायला घेतल्या. व्यापारी ओरडला, म्हातारे सोवळं मोडलं म्हणून दारात येऊन बसले. अनुसूया पदर खोचून बाहेर आली. "मग उद्यापासून चुलीपुढे तुम्ही बसा," म्हणाली. म्हातारे उठून गेले.

पुढे विश्वंभरांनी आणखी दोन इमारती काढल्या, पण कागदाला पेन्सिल लावण्याआधी तिथे राहायला येणाऱ्या बायकांना गाठून काय हवं ते विचारायचे. कचेरीत त्यावरून हसं व्हायचं. त्यांनी सवय सोडली नाही. त्या इमारती पडून तिथे दुकानं झाली. म्हातारपणी ते याच ओट्याजवळ पाट टाकून बसत आणि खिडकीतल्या गप्पा ऐकता ऐकता डुलक्या घेत, असं ताईंची आजी सांगायची.

"किस्सा मस्त है, मावशी," पियूष म्हणाला. "पर फ्रिज कुठे ठेवू?"

ताईंनी कढईतला झारा पुन्हा हलवायला घेतला. घर त्याचं, भिंतीची ती बाजूही त्याची.

सकाळी मिस्त्री आला. विटा उतरवल्याचा आवाज आला तशी ताईंनी धूळ नको म्हणून दुधावर झाकण ठेवलं आणि खिडकीकडे पाठ केली.

"भैया, ईंटें वापस ले जाइए," आभाचा आवाज आला.

"अरे? और फ्रिज?" पियूष.

"बैठक में रख दो."

"बैठक में? लोग क्या कहेंगे?"

"जो कहेंगे, शाम को तुम सुन लेना. सारा दिन तो यहाँ मैं रहती हूँ."

पियूष काहीतरी पुटपुटला. मग जिन्यावर त्याचे आणि मिस्त्रीचे पाय वाजले. आभाने स्टूल ओढलं आणि खिडकीत कोपर टेकलं.

"मौसीजी, एक बात बताऊँ? ये तौलिया रोज़ गीला पलंग पर फेंकते हैं. रोज़!"

"त्याला लहानपणापासून हीच खोड," मृदुलाताई म्हणाल्या आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी वरचा पंखा बंद केला.