जागे हात दोनच

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोचीत, शिडं शिवायच्या आमच्या हॉलमध्ये, जमिनीवर पसरलेल्या कापडावर गुडघे टेकून बसलो होतो. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. हळद काढायची म्हणून आण्णा गावी गेले होते, सांगलीच्या पुढं कृष्णाकाठाला. सकाळी रानातनं आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं आणि तांब्या येईपर्यंत सगळं संपलं होतं... मी हातातलं कापड शेवटपर्यंत कापलं. मध्येच सोडलं असतं तर कड वाकडी गेली असती. कितीही घाई केली तरी मातीला पोचायचो नाही, हेही कापता कापता कळत होतं.

भूपालआण्णा नात्यानं माझे कोणी नव्हेत. मी विट्याकडचा. नववीत शाळा सोडली, थोडे दिवस कराडात ताडपत्र्या शिवल्या, आणि मग आमच्याकडची पोरं जातात तसा गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, मामाच्या दुकानात कोचीला आलो. भट्टीचा धूर मला मानवला नाही. शिलाई येत होती, तेवढ्यावर शिडांच्या कामाला लागलो. आण्णा तिथं एक फाटलेलं शीड घेऊन आले. ते फौजेतले, शिडाच्या बोटी तिथंच शिकलेले. निवृत्तीनंतर एका मालकाची बोट सांभाळायचे आणि शर्यतीत चालवायचे. मी आईशी फोनवर बोलत होतो, ते ऐकून जवळ आले.

"कुठला रं तू?"

"विट्याकडचा."

"मग गलाई सोडून हितं कसा?"

"धूर सोसंना, आण्णा."

"वारं सोसंल का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पुढच्या हंगामात त्यांनी मला खरंच बोटीवर घेतलं. खोल समुद्रातली ती शर्यत दोघांचीच असायची, तिसरं माणूस चालत नसे. त्यांना शिवता येणारा जोडीदार हवा होता आणि मला... मला कोणीतरी आपलं म्हणणारं हवं होतं. आजही त्याबद्दल त्यांचे उपकार मानतो. पण भीती काही गेली नाही. मी मुळात घाबरट. समुद्र बघितलाच मी विसाव्या वर्षी.

शिडं निवडायची आण्णांची रीत अशी, की ती आधी जमिनीवर पसरायची आणि मला एकट्याला गोळा करायला सांगायचं. स्वतः बाजूला उभे राहायचे, हात पाठीमागं. मला जे आवरायचं नाही ते बाजूला. त्यात एक नवंकोरं, पातळ, भलं मोठं पुढचं शीड गेलं, मालक हळहळले. त्याच्या जागी आण्णांनी लहान शीड घेतलं, जे मागं बसल्या बसल्या एक दोर ओढला की स्वतःभोवती गुंडाळलं जायचं. "दोघांची बोट म्हणत्यात," ते मालकांना म्हणाले, "पर एक झोपणार. जागं हात दोनच." मालकांना पटलं. मला मात्र आत कुठंतरी टोचलं. हातांचा हिशेब माझ्या हातांवरनं केला होता.

आण्णा जैन. सूर्य बुडायच्या आत जेवायचे, बोटीवरसुद्धा. फौजेतही शक्य तितकं पाळलं म्हणायचे. त्या जेवणावर बोटीचा सगळा दिवस बांधलेला असायचा. ताट पुसलं की रात्रीची शिडं लावायची. दिवसा आम्ही फुगा लावायचो, म्हणजे वारं मागनं असताना पुढं फुगणारं ते रंगीत शीड. त्याच्यावर बोट अशी पळायची की माझं पोट खाली राहायचं. पण आण्णांचं जेवण झालं की फुगा खाली. मग वारं कितीही चांगलं असो.

एकदा आम्ही बऱ्यापैकी पुढं होतो. संध्याकाळ होत आली, मागच्या दोन्ही बोटींचे फुगे तसेच होते. आण्णा डाळभात संपवून उठले.

"आण्णा, राहू दे की आजच्या दिवस," मी म्हणालो.

"मी झोपल्यावर वारं वाढलं तर?"

"उठवीन तुम्हाला."

"मग मी झोपलो कशाला, गड्या? तुझ्यासंगं गप्पा मारत बसतो की."

आम्ही दोघांनी फुगा उतरवला. ते खाली जाऊन आडवे झाले, तोंड फळीकडं करून. मी सुकाणूला. दोन्ही बोटी आम्हाला मागं टाकून गेल्या. सकाळी त्यातल्या एकीचा फुगा चिंध्या होऊन लोंबत होता आणि दुसरी धडधाकट पुढं निघून दिसेनाशी झाली होती. त्यामुळं बरोबर कोणाचं होतं हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आण्णा खरंच झोपतात का? हाक मारायच्या आधी ते वर हजर असायचे, डोळे लख्ख. चेहऱ्यावर झोपेची खूण नाही. पाण्याच्या आवाजात खालचं काही ऐकू येत नसे. मला वाटायचं, हा माणूस रात्रभर जागा राहतो, माझ्यावर कान ठेवून. फुगा रीतीनं उतरत नाही, माझ्यामुळं उतरतो. एवढ्या शर्यती केल्या, पण हे विचारायचं धाडस झालं नाही. "व्हय" म्हणाले असते तर पुन्हा बोटीवर पाय ठेवला नसता.

रजा मिळून गावी पोचलो तोवर दिवसकार्य होऊन बरेच दिवस झाले होते. भेटायला येणारी माणसंही सरली होती. दुपार होती, अंगणात शिजवलेली हळद वाळत होती. काकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, आण्णांच्या खोलीत बसल्या होत्या. लोखंडी खाट, भिंतीला फौजेतली ट्रंक. मी नाव सांगितलं. त्यांनी मला वरनं खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच व्हय रं तो? बोटीतला?"

"व्हय, काकू."

"तुझा मला लय राग हाय."

मी दारातच उभा राहिलो.

"फौजेतनं आल्यापास्नं या माणसाला ह्या खाटंवर झोप म्हणून न्हाई. कुत्रं भुंकलं, उठला. रानातली पाण्याची मोटार बंद पडली, उठला. मी शेजारी हाय न्हाई, काय फरक न्हाई. आन तिकडनं आला की सांगायचा, ते पोरगं वर असलं की मी मेल्यागत झोपतो. लाज न्हाई वाटायची सांगताना." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "काय करत होतास रं तू वर?"

"काय न्हाई, काकू. शिडाकडं बघत बसायचो."

"नुसता?"

"नुसता."

बाहेर हळदीवर कोंबडी आली, सुनेनं हाकलली. काकू खाटेवर सरकल्या, उशी ओढली, भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

"तो गेल्यापास्नं मलाबी झोप न्हाई," त्या तिकडंच बघत म्हणाल्या. "बस जरा."

मी ट्रंकेवर बसलो. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. माझी परतीची गाडी होती. ती सुटायची वेळ होऊन गेली, तरी मी उठलो नाही.