संयोगिताच्या कानातला किडा

कागलजवळच्या एका वाडीत आक्काताई कांबळे बावीस वर्षं अंगणवाडी चालवतात. मार्चात त्यांचे यजमान भाऊसो गेले. पाण्याची मोटार चालू करायला रानात गेलेला माणूस बांधावर बसला, तो उठलाच नाही. जलदानविधीला बायका आक्काताईंच्या गळ्यात पडून रडल्या. त्या मात्र चहाला साखर पुरेल का, एवढंच बघत होत्या.

"रडून घे की गं," नणंद म्हणाली.

रडू येत नव्हतं. पंधराव्या दिवशी त्या कामावर हजर झाल्या. मुलांबरोबर गाणी म्हणायच्या, पण आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा.

जूनमधली गोष्ट. सकाळी चार वर्षांची संयोगिता कान धरून किंचाळायला लागली.

"बाई, आत ट्रॅक्टर चालू हाय."

मदतनीस बायडाबाईनं अंबाड्यातला आकडा उपसला.

"आकडा ठेव खाली," आक्काताई म्हणाल्या. "कोरलंस तर किडा आणखी आत जाईल. पडद्यालाबी लागंल."

त्यांनी पोरीच्या आईला, क्रांतीला फोन लावला. "हिचा कान कधी वाहिलाय का? पडद्याला भोक हाय, असं डॉक्टर बोललेत कधी?"

"न्हाय बाई, कधीच न्हाय. का ओ?"

"कानात किडा गेलाय. तू ये."

कान वाहत असता तर तेल घालता आलं नसतं. बायडाबाईनं चमच्यात तेल जरासं कोमट केलं. आक्काताईंनी ते आधी मनगटावर टाकून पाहिलं. संयोगिताला मांडीवर कुशीवर निजवलं, दुखरा कान वर. कानाची पाळी हलकेच मागं ओढून तीन-चार थेंब सोडले. पूर्वी असल्या वेळी त्यांचे हात थरथरायचे. आज थरथरले नाहीत, आणि तेच त्यांना बरं वाटलं नाही.

पोरगी हुंदके देत राहिली. मग थांबली.

"बंद पडला," म्हणाली.

पाच मिनिटांनी कान खाली करून टॉवेल धरला. तेलाबरोबर तपकिरी किडा बाहेर आला, पण त्याचा एक पंख नव्हता. म्हणून क्रांती आल्यावर तिघी शहरात, राजारामपुरीत, कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी उजेड टाकून पाहिलं, उरलेला पंख चिमट्यानं काढला.

"पडदा चांगला आहे. तेल कुणी घातलं?"

"आमच्या बाईंनी," क्रांती म्हणाली.

"काही कोरलं नाही ते बरं केलंत."

बाहेर आल्यावर क्रांती त्यांचा हात धरून रडली. "तुमच्यामुळं निभावलं, बाई. तुमच्यावर एवढं दुःख असताना."

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. चांगलं झालं, हे त्यांना कळत होतं. आज गुरुवार आहे हे कळावं, तसं.

परतीच्या एसटीत संयोगिता त्यांच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. तिच्या वजनानं पायाला मुंग्या आल्या. कागल येईपर्यंत आक्काताईंनी पाय हलवला नाही.