वैशूचा तरंगलेला थेंब

आबांचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनाबाहेर बंदोबस्ताला उभी होते. गाडीच्या भोंग्यात आधी काही ऐकूच आलं नाही. मग आबांचा आवाज आला, "ज्योती, वैशू गेली गं..." आणि मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "चक्कर आली आसंल. रक्त कमी व्हतं ना तिचं." त्यांची वैशाली, माझी वैशू, शिक्रापूरला रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती आणि उलट्या बाजूने घुसलेल्या ट्रकने तिला उडवलं. बघणारे चार जण होते. ट्रकवाला स्वतः डोकं धरून तिथेच बसला होता आणि माझीच चूक झाली म्हणून रडत होता. तरी शिक्रापूरला सावडून गावी गेले तेव्हा ओट्यावरच्या बायका हळू आवाजात तेच बोलत होत्या. पोरीला अशक्तपणा होता, तोल गेला असेल. ट्रक अंगावर आला तरी आमच्याकडे दोष बाईच्या रक्तात सापडतो.

कवठे येमाईत आमच्या दोन घरांचा बांध एक. त्या बांधापायी माझे वडील आणि आबा वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, पण आम्ही दोघी एकाच सायकलवर शाळेत जायचो. बारावीनंतर पोलीस भरतीचं वेड मला लागलं आणि मी ते तिलाही लावलं. गावातले एक निवृत्त सुभेदार कालव्याच्या चारीच्या कडेच्या रस्त्यावर पोरापोरींना पळवायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांची पद्धत एकच होती. विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जीव तोडून पळायचं, जरा दम खाल्ला की पुन्हा पळायचं, आणि असं उलटी यायला होईपर्यंत. मध्ये पाण्याचा घोट नाही. "पानी प्यालं का पोट डचमळतं," असं सर म्हणायचे, आणि फौजेत राहिलेल्या माणसाला कोण उलटून बोलणार? मी चौथ्या-पाचव्या खेपेला रस्त्यावरच बसकण मारायची. वैशू पुढच्या खांबाला हात लावून परत यायची आणि मला उठवायची. "ऊठ म्हशे, तुझा बाप बांधावरनं बघतोय. माझ्या बापाम्होरं नाक कापशील त्याचं."

आमच्या भागात आमदार साहेबांचा वाढदिवस रक्तदान शिबिराशिवाय होत नाही. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, रक्त देणाऱ्याला काहीतरी भेट मिळते, आणि घरटी एक तरी माणूस खाटेवर आडवा होतो. आम्ही पळायला लागलो त्या वर्षी स्टीलची पाण्याची बाटली होती. रक्त घेण्याआधी बोट टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. ते मोरचुदाचं पाणी. आमच्याकडच्या बागायतदारांना मोरचूद फवारणीमुळे ओळखीचा, त्यामुळे त्या टेबलाभोवती मोठी गर्दी असायची. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर कमी, एवढं सगळ्यांना पाठ. आम्ही सरांच्या हातून पिळून निघून तशाच तिकडे गेलो होतो, घशाला कोरड पडलेल्या. वैशूचा थेंब गोटीसारखा तळाला गेला. आबा शेजारीच उभे होते. "बघा, शिसं हाय शिसं," ते चारचौघांना म्हणाले. "फौजदार व्हनार माझी पोरगी." रक्त देऊन ती उठली आणि माझ्या खांद्यावर कोसळली. लोक हसले, कुणीतरी लिंबूपाणी आणलं, मग बाटली हातात देऊन तिचा फोटो काढला. त्या चकरेचं कुणाला काही वाटलं नाही. थेंब बुडाला होता ना!

पुढच्या वर्षीच्या वाढदिवसापर्यंत वैशू बदलली होती. शिबिराच्या आदल्या दिवशी सरांनी तिला आठशे मीटर पळवलं आणि घड्याळ बघून ते नुसतेच गप्प झाले. सरांची शाबासकी तेवढीच असायची. भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, काही आठवड्यांवर आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरून खाऊनपिऊन, निवांत झोप झालेली ती शिबिराला आली, बोट पुढे केलं, आणि तिचा थेंब निळ्या पाण्यात अर्ध्यापर्यंत गेला, थांबला आणि वर आला. टेबलामागच्या माणसाने दुसऱ्यांदा बोट टोचलं. पुन्हा तेच. "ताई, रक्त कमी आहे. पुढच्या वेळी या," असं म्हणून त्याने पुढच्याला बोलावलं. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. गावाच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. भावकीतली एक म्हातारी आबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पळून पळून पोरीचं रक्त आटलं. उद्या लेकरं कशी व्हायची?"

आबा वाईट नव्हते. वाईट असते तर मला नुसतं रागावता आलं असतं. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. रक्त मिळालं नाही, जीपमध्येच गेली, आणि तिचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. शिबिराच्या रात्री त्यांनी वैशूचे बूट माळ्यावर टाकले आणि शिडी काढून घेतली. मी तिथेच होते. ती रडली नाही, वाद घालत राहिली. "आबा, मला दम लागत न्हाई, चक्कर येत न्हाई, काल म्या समद्यांच्या फुडं व्हते." आबांनी एकच विचारलं, "मंग थेंब खोटं बोलतो का?" घरात बीट आलं, खजूर आला, मागोमाग शिक्रापूरचं स्थळ आलं आणि ती तिकडे नांदायला गेली. ग्राउंडला मी एकटी गेले. परत येऊन "ऊठ म्हशे" म्हणणारं कुणी नव्हतं, तरी निवड झाली. तिच्या जागी मी गेले असं मला वाटत नाही. दोघींना जागा होती, आणि हेच जास्त सलतं.

पोलीस ट्रेनिंगमध्ये तीच खांबाखांबाची पळापळ मैदानावर आली, आणि काही महिन्यांनी माझ्याच तपासणीत रक्त कमी आलं. वाटलं, आता मलाही घरी बसवणार. तिथल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "हल्ली फार जोरात पळतेस का?" मग शरीरातल्या लोहाची वेगळी तपासणी केली. ती चांगली आली, तेव्हा त्यांनी समजावलं. जीव तोडून पळालं की रक्तातलं पाणी काही वेळ स्नायूंकडे आणि घामात जातं, रक्त घट्ट होतं. तेव्हा तपासलं तर आकडा चढा दिसतो. पुढच्या एक-दोन दिवसांत शरीर ते पाणी भरून काढतं, आणि पळणाऱ्याच्या अंगात आधीपेक्षा जास्तच भरतं. लाल कण होते तेवढेच, पातळ भाग वाढला, म्हणून आकडा उतरतो. पाहुणे आले की आपण आमटीत पाणी वाढवतो, मसाला काही भांड्यातून पळून जात नाही. "हा आजार नाही," मॅडम म्हणाल्या, "तुझं शरीर पळायला शिकलंय." खरोखर रक्त कमी असलेल्या मुली आमच्या गावात घरोघर आहेत, त्यांना गोळ्या मिळायलाच हव्यात. माझं म्हणणं एवढंच की एका थेंबावर अख्ख्या मुलीचा निकाल लावला आणि दुसरी तपासणी करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. ज्या दिवशी ती तहानेने कोसळली त्या दिवशी तिला शिसं म्हणाले. ज्या दिवशी ती सगळ्यांत तयार होती त्या दिवशी तिचे बूट माळ्यावर गेले.

हे मी वैशूला तळेगाव ढमढेरेच्या बाजारात सांगितलं. ती मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत ऐकत होती. "म्हंजी माझं रक्त वाढलं व्हतं व्हय गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, व्हय. ती हसली, अगदी पहिल्यासारखी, आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरले... हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "आबांना सांगू नको. आत्या त्यांच्या मांडीवर गेली. मला त्यांनी वाचवलं आसं वाटतंय त्यांना. तेवढं ऱ्हाऊ दे." भर बाजारात तिने माझ्याकडून शब्द घेतला आणि मेथीवाल्या बाईशी भाव करायला लागली.

दहाव्यानंतर गावी आबांनी भिंतीवरचा तो शिबिरातला फोटो काढून माझ्या हातात दिला. घामाने चिकटलेले केस, सुकलेले ओठ, हातात बाटली. "तवा बघ कशी व्हती," ते म्हणाले, "तवा रक्त व्हतं तिच्यात." मी फोटो परत खिळ्याला अडकवला. निघताना काकूंनी, तिच्या आईने, तीच बाटली माझ्या पिशवीत घातली. वैशू रोज ती चारीवर लपवून आणायची आणि सरांची पाठ वळली की मला घोटभर पाजायची, हे काकूंना ठाऊक होतं. आता दौंडला रोज सकाळी मी ती भरून मैदानावर नेते. बुडाशी एक पोचा आहे, खांबावर आपटल्याचा. पळून आल्यावर झाकण उघडलं की पहिला घोट मी कुणासाठी तरी ठेवते आणि मग मीच पिते.

हे रविवारच्या पुरवणीत छापून येईल, आणि आबा ती ओळ न् ओळ वाचतात, हे मला माहीत आहे. वैशू, तुला दिलेला शब्द आज मी मोडते आहे. तू होतीस तोवर पाळला. तू गेल्यावरही ते तुला अशक्त म्हणतात, हे मला सोसत नाही. आबा, तिचं रक्त कमी नव्हतं. तिला चक्कर आली नाही, ती दोन्ही पायांवर नीट उभी होती. आणि हे तिला माहीत होतं, आबा. तुम्हाला कळू नये म्हणून ती गप्प राहिली.