पुढे वाचण्यासाठी इथे दाबा

बायका एका जागी बसून काम करायला लागल्या की किस्से आपोआप साचतात. आमच्या पथारीवर ते फोनमुळे साचले. पथारी म्हणजे नंदुरबारबाहेरचं मोकळं मैदान, जिथे व्यापारी लाल मिरची वाळत घालतात आणि बायका देठ खुडतात. कंबरेने दगा दिल्यापासून मी नुसती पोत्यांवर लक्ष ठेवते. त्यामुळे हात स्वच्छ असलेली मी एकटीच. म्हणून फोन माझ्याकडे, आणि वाचायचंही मीच.

वाचायला मला कोणी शिकवलं नाही. ट्रकच्या मागची वाक्यं आणि दुकानांच्या पाट्या वाचून मी शिकले. एवढ्या कष्टाने कमावलेली अक्षरं कोणी मलाच फसवायला वापरली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

फोन देठ खुडणाऱ्या कमलचा. तिची सोनाली शहाद्याला मामाकडे राहून शिकते. यंदा तिने नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा दिली होती. नंबर लागला तर कॉलेज, नाही लागला तर काकाने बघून ठेवलेलं स्थळ. पोरगी म्हणायची, निकाल लागला की मीच कळवीन. पण आईला कुठला धीर! रोज सकाळी फोन माझ्या मांडीवर, काही आलं का बघायला. "जिजी, दख ना, काही उनं का?"

एकदा वरच आलं, 'नंदुरबारच्या मिरचीबाबत सर्वात मोठी बातमी, व्यापारी हादरले!' सगळ्यांचे हात थांबले. भाव पडला? काम बंद? पान उघडेना, नुसतं गोल फिरत राहिलं. मग साड्या आल्या, मग कर्ज आलं, मग एक दात दाखवणारा माणूस आला. शेवटी बातमी आली : हिवाळ्यात जेवणात लाल मिरची असावी, अंगात ऊब राहते. आम्ही मिरचीच्या ढिगांत बसलेल्या! हादरला तो आमचा मुकादम, कारण तेवढ्या वेळात एकही देठ खुडला गेला नव्हता.

जाहिरात बंद करायची फुली असते तिळाएवढी. माझं बोट जाड, मी फुली दाबायला जायचे आणि साडीचं दुकानच उघडायचं. कमलने शेवटी वैतागून हातातल्या ओल्या मिरचीच्या टोकानेच फुली दाबली. जाहिरात गेली! वाळलेली चालत नाही, ओलीच लागते. तेव्हापासून मी पदरात एक ओली मिरची बाळगते. मुकादमाला वाटतं, मी भाजीला चोरते.

सुकलीबाई डोंगरातल्या मोलगीकडची. मराठी कळतं, बोलते मोजकंच. एका बातमीच्या मध्येच फोनमधून माणूस बोलायला लागला, "तुमचे गुडघे दुखतात का?"

सुकलीबाई म्हणाली, "दुखतात."

"जिने चढताना त्रास होतो का?"

"आमचा डोंगर आहे, भाऊ."

मी मिरची उचलली, तर तिने मला थांबवलं. म्हणाली, "बोलू दे त्याला. घरात कोणी विचारत नाही."

मी मिरची खाली ठेवली. तेलाची ती जाहिरात आम्ही पूर्ण ऐकली.

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेच्या दिवसांत आलं, 'यात्रेतल्या या घोड्याने असं काही केलं की मालकाच्या डोळ्यांत पाणी!' आता घोड्याने काय केलं ते कळायला 'पुढे' दाबा, परत 'पुढे' दाबा. प्रत्येक पानावर घोडा वेगळा. एका घोड्यामागे तर बर्फाचे डोंगर! मुकादम सारंगखेड्याचा, त्याला राहवेना. त्याने यात्रेत असलेल्या भावाला फोन लावून जाऊन बघायला सांगितलं. भाऊ बघून आला. घोडा चारा खातोय आणि मालक बाजूला झोपलाय.

सुकलीबाई म्हणाली, "उठला की रडेल."

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण 'निकाल जाहीर! थेट लिंक खाली' हे आलं की मला हसू यायचं नाही. कमल काम टाकून समोर येऊन बसायची, तिखटाचे हात अंगापासून लांब धरून. मी वाचत जायचे. निकाल कसा पाहावा. निकालानंतर काय करावं. मध्ये केसांचं तेल. आणि सगळ्यात खाली, निकाल लवकरच अपेक्षित. कमल उठून परत देठ खुडायला जायची. हे लिहिणाऱ्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. त्याच्या आईची खुशाली मी त्याला अशीच तुकड्यातुकड्याने सांगते, मध्ये मध्ये तेल विकत.

असं इतक्यांदा झालं की कमल शहाणी झाली. म्हणायला लागली, "जिजी, वरलं नको वाचू. खालनं वाच."

मग एका दुपारी फोन वाजला. सोनाली होती. मी स्पीकर लावून फोन कमलच्या तोंडापाशी धरला.

"माय, मन्हा नंबर लागना."

नंबर लागला! बायकांचे हात थांबले. कमलच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"खाले काय लिखेल शे?" खाली काय लिहिलंय, हे तिने आधी विचारलं.

"कोठे खाले?"

"त्याना खाले वं. पुरं वाच."

पलीकडे पोरगी पुन्हा खालपर्यंत वाचत असावी.

"माय," ती म्हणाली, "खाले काहीच नही. इतलंच शे."